एकोणपन्नास राज्यं आणि एक तुलनेसाठी

१४ एप्रिल, सोमवार. सकाळी ६.१०
बाहेर बर्फ. अर्धा एप्रिल संपला तरी बर्फ. पुरे झालं.

आजपासून या वहीत नेमाने लिहिणार. मोठं काम हाती घेतलं की नोंदी ठेवाव्यात. काउंटीच्या रस्तेखात्यात चौतीस वर्षं काढली. त्यातली एकवीस प्लाऊच्या, म्हणजे रस्त्यावरचा बर्फ ढकलणाऱ्या ट्रकांच्या, ताफ्याचा सुपरवायझर. कुठला रस्ता आधी मोकळा करायचा आणि कुठला नंतर, हे मी एकटा ठरवायचो आणि अख्खं हॅलडन लेक गाव त्याप्रमाणे कामाला जायचं. निर्णय घेणं हा माझा हातचा मळ.

शुक्रवारी डॉक्टरांनी माझ्या बायकोचे, आर्लिसचे, हात पाहिले. थंडीत तिची बोटं पांढरी पडतात, मग निळी, मग दुखायला लागतात. एकतीस वर्षं ती चर्चमध्ये ऑर्गन वाजवते. या हिवाळ्यात दोनदा भजन अर्ध्यात थांबवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, पुढचा हिवाळा इथे काढू नका, गरम हवेच्या राज्यात जाऊन राहा.

घरी येताना गाडीतच मी तिला शब्द दिला. पहिला बर्फ पडायच्या आत आपण नव्या राज्यात. ती म्हणाली, मग ॲरिझोनात जाऊ या, वर्ना आहेच तिथे. वर्ना म्हणजे तिची धाकटी बहीण. म्हटलं, बहिणीच्या ओळखीवर कुणी राज्य निवडतं का? पन्नास राज्यं पडली आहेत. पद्धतशीर निवडू. तीन आठवडे पुरे.

आर्लिस खिडकीबाहेर बघत राहिली. आनंद झाला की ती बोलत नाही.

१६ एप्रिल, बुधवार
गॅरेजच्या भिंतीवर उरलेला वॉलपेपर उलटा चिकटवला. त्यावर तक्ता. उभी पन्नास राज्यं, आडवे अकरा कॉलम. हवा, इस्पितळं, मासेमारी, साप, भूकंप, शेजारी (अंदाजे), वर्नापासूनचं अंतर, वगैरे. खरी राज्यं एकोणपन्नासच. मिनेसोटा सोडायचंच आहे, पण तुलनेसाठी ठेवलं.

अकरावा कॉलम खास माझ्या अनुभवातला. 'बर्फ पडल्यास रस्ते मोकळे करण्याची तयारी.' याला दुप्पट गुण. एखाद्या सरकारची लायकी बघायची तर इथे बघावी.

आर्लिस कॉफी घेऊन आली. तक्ता वाचला. म्हणाली, आपण बर्फापासूनच पळतोय ना? म्हटलं, म्हणूनच तर.

२ मे, शुक्रवार
काम झपाट्याने चाललंय. हवाई बाद, कारण तिथून गाडीने परत येता येत नाही. फ्लोरिडा बाद. गळाला लागलेला मासा सोडवायला पाण्यात हात घालायचा आणि त्याच पाण्यात मगर. टेक्सास इतकं अवाढव्य की एकदा निवडल्यावर आत पुन्हा निवडायला बसावं लागेल. विस्कॉन्सिन आमचं शेजारी आणि जुनं वैरी, कारण लिहायची गरज नाही.

ॲरिझोनाही बाद. सगळा देश वर्षातून दोनदा घड्याळं पुढेमागे करतो, ही मंडळी करत नाहीत. किती वाजले हे ज्यांना चारचौघांसारखं ठरवता येत नाही, त्यांच्यात माणसाने कसं राहायचं? शिवाय वर्ना.

दुपारी बेरीज केली. पहिला नंबर मिनेसोटा. कुठेतरी चूक झाली. पुन्हा केली. पुन्हा मिनेसोटा. कॉलम कमी पडताहेत. पाच वाढवतो.

४ मे, रविवार
आज एक मास्टरस्ट्रोक. प्रार्थना झाल्यावर चर्चच्या तळघरात कॉफी चालू असताना उभा राहिलो आणि जाहीर केलं की आम्ही ट्वेट पती-पत्नी हिवाळ्याआधी राज्य सोडत आहोत. चारचौघांत बोललं की माणसाला मागे हटता येत नाही. मला हटायचं नव्हतंच, पण तरी.

पास्टर जेनेल म्हणाल्या, अरे वा, कुठे? म्हटलं, लवकरच कळवतो. ड्वेन केक खाताखाता म्हणाला, ऑरिन, तू तर कॉफीची खुर्चीसुद्धा वीस वर्षांत बदलली नाहीस, राज्य कसलं बदलतोस? ड्वेन माझा जुना मित्र. निम्मा दिवस पोस्टाच्या काउंटरवर बसतो, उरलेला निम्मा लोकांच्या फिरक्या घेतो. मी हसलो. मोठ्या निर्णयाच्या माणसाला अशी बोलणी खावी लागतात.

आर्लिसचे गाल लाल झाले होते. घरी आल्यावर म्हणाली, आता जायलाच लागेल बघ. म्हटलं, तोच डाव होता.

२८ मे, बुधवार
मुदत जरा वाढवली आहे. एकवीस दिवसांत एकोणपन्नास राज्यं म्हणजे एका राज्याला अर्धा दिवससुद्धा नाही. हा हिशेब आधी का केला नाही कळत नाही. नवी मुदत, जूनअखेर.

झोप नीट नाही. सारखं वाटतं, ज्या राज्याची माहिती अजून काढली नाही तेच बरोबर असणार. पहाटे उठून केंटकी वाचतो, नाश्त्याला ओरेगन, जेवणानंतर पुन्हा केंटकी. आर्लिस म्हणाली, पायाला चाकं लागलीत तुझ्या, पण गाडी गॅरेजच्या बाहेर काही निघत नाही.

१० जून, मंगळवार
घर विकायला काढलं. हात घातला की चौफेर घालायचा. चार दिवसांत गिऱ्हाईक. शहरातलं तरुण जोडपं, कोल्टन आणि त्याची बायको. त्याने गॅरेजमधला तक्ता पाहिला आणि विचारलं, हे काय, भिंतीबरोबर मिळणार का? ताबा सप्टेंबरअखेर ठरला. तोवर आम्ही नव्या राज्यात नांदत असू.

२९ जून, रविवार
निरोपसमारंभ. मी मागितला नव्हता. पण आपल्याकडे बायकांनी एकदा तळघर बुक केलं की देवसुद्धा काही करू शकत नाही. बटाट्याच्या गोळ्यांची, ओव्हनमध्ये भाजलेली सात हॉटडिश, जेलीची तीन सॅलडं, लिंबाच्या वड्या. मोठं ॲटलस भेट दिलं, देशातले सगळे रस्ते असलेलं, आत सगळ्यांच्या सह्या. ड्वेनने टाळ्यांत विचारलं, अरे पण कुठल्या पानावर सही करू ते तरी सांग. म्हटलं, मुखपृष्ठावर कर.

पास्टर जेनेल आर्लिसबद्दल बोलल्या. एकतीस वर्षांत एकच रविवार चुकला, तोही मुलाच्या जन्माचा. लोक उभे राहिले. मग आर्लिसने ऑर्गनची किल्ली नव्या बाईंच्या हातात दिली. शाळेतून रिटायर झालेल्या बाई, बऱ्या वाजवतात. किल्ली देताना आर्लिस जरा थांबली. बोटं आखडली असावीत.

निर्णय जवळजवळ झालेला आहे. टेनेसी किंवा दुसरं एखादं.

६ जुलै, रविवार
चर्चला गेलो. कुठे जाणार? आपलंच चर्च. सगळे आमच्याकडे बघून थबकले. इथे कुणी तोंडावर काही बोलत नाही. पास्टर म्हणाल्या, अजून इथेच का तुम्ही? बरं बरं. छान. आमच्या बाकावर दुसरं कुटुंब बसलं होतं. ते उठायला लागले, आम्ही म्हणालो बसा बसा, ते म्हणाले नाही नाही, आणि असं करताकरता पहिलं भजन संपलं.

आर्लिस मागच्या बाकावर हात मांडीवर ठेवून बसली. नव्या बाई एका ठिकाणी चुकल्या तेव्हा तिची बोटं मांडीवरच हलली. मी तिला हळूच म्हटलं, आता तुला निवांत ऐकता येतं, नाही?

तिने उत्तर दिलं नाही. प्रार्थनेत बोलू नये, बरोबर आहे तिचं.

१९ जुलै, शनिवार
हॅलडन लेकमध्ये बाहेर पडणं कठीण झालंय. निरोप घेतलेल्या माणसाने गावात फिरू नये असा काही कायदा नाही, पण लोकांच्या भुवया कायद्यापेक्षा वाईट. किराणा आता पस्तीस मैलांवरच्या बर्गस्टॅडमधून आणतो. टोपी कपाळावर ओढून.

आज तिथेही ड्वेन भेटला. दुधाच्या फ्रीजपाशी. म्हणाला, हे कुठलं राज्य लागलं रे? म्हटलं, तू इथे काय करतोस? म्हणाला, मी इथे नेहमीच येतो, दूध ताजं असतं, पण मी काही राज्य सोडून गेलेलो नाही.

आर्लिस मात्र आमच्याच दुकानात जाते, भरदिवसा. कुणी विचारलं तर म्हणते, ऑरिनचा तक्ता व्हायचाय. हे मला आवडलं. पाठिंबा आहे तिचा.

१२ ऑगस्ट, मंगळवार
कॉलम एकवीस झाले. मिनेसोटा अजून पहिलं. आता मला संशय आहे की तुलनेसाठी ठेवलेल्या राज्याला मी नकळत झुकतं माप देतोय. म्हणून त्याचे दहा गुण कापले. तरी पहिलं. दुसऱ्या नंबरावर नॉर्थ डकोटा. हे शास्त्र समजून घ्यायला वेळ लागतो.

आर्लिसने आज गॅरेजमध्ये येऊन विचारलं, ऑरिन, तुला खरंच जायचंय का? म्हटलं, घर विकलंय, निरोप घेतलाय, चार महिने राबतोय, आणखी काय करू? ती म्हणाली, निघ. एवढंच म्हणाली आणि आत गेली.

चिडचिड होते कधीकधी तिची. उकाड्याने असेल.

१५ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ५.३०
प्रत्यक्ष पाहणी दौरा सुरू. तक्ता सोडून मैदानात. आयोवा, मिसुरी, आर्कान्सा, टेनेसी, मग पुढे समुद्र लागेपर्यंत. कोल्टनला ताब्यासाठी थोडं थांब म्हणून कळवलं. सालस मुलगा. डिसेंबरच्या पाच तारखेपर्यंत थांबायला तयार झाला, त्याच्या बायकोचा आवाज मागून ऐकू येत होता.

आर्लिसने पाच मिनिटांत बॅग भरली. जणू एप्रिलपासून भरून ठेवलेली.

१८ सप्टेंबर, गुरुवार. आर्कान्सा
जे व्हायचं तेच झालं.

गाव बरं वाटलं होतं. तळं आहे, इस्पितळ आहे, लोक रस्त्यात हात करतात. सकाळी मी सरळ तिथल्या रस्तेखात्याच्या ऑफिसात गेलो. खुर्चीवर एक लठ्ठ गृहस्थ. विचारलं, प्लाऊ किती? तो म्हणाला, कसले? सांगितलं. त्याने डोकं खाजवलं. म्हणाला, एक आहे बहुतेक, कुठे ठेवलाय ते बघावं लागेल. म्हटलं, मग बर्फ पडला की करता काय? म्हणाला, घरीच बसतो आम्ही, साहेब. दुपारी वितळतो.

घरीच बसतो. हे त्याने हसत सांगितलं.

मोटेलवर परतलो तर आर्लिस अंगणातल्या खुर्चीत उन्हात बसलेली. हातमोजे नाहीत. ब्लाउजची बटणं तिने स्वतः लावली होती, बारीक होती तरी. मला हात दाखवून म्हणाली, बघ, गुलाबी आहेत. म्हटलं, छान, पण इथे एकच प्लाऊ आहे आणि तोसुद्धा सापडत नाही. ती म्हणाली, ऑरिन, इथे बर्फच पडत नाही. म्हटलं, पडला तर?

तिने हात मागे घेतले. मग म्हणाली, नाचता येईना, अंगण वाकडं. कुठल्या अंगणाबद्दल बोलत होती कळलं नाही, मोटेलचं चांगलं सपाट होतं.

आर्कान्सा बाद. जिथे इतकी बेफिकिरी, तिथून पुढे दक्षिणेला चित्र आणखी वाईटच असणार. पेट्रोल आणि वेळ वाचवला. उद्या परत.

५ ऑक्टोबर, रविवार
हवेत गारवा. मन सैरभैर आहे. एका जागी बसवत नाही. काल तळ्याला तीन फेऱ्या मारल्या, ट्रकचं तेल बदललं, दोन आठवड्यांपूर्वीच बदललेलं होतं. तक्त्यापुढे उभा राहिलो की सगळी राज्यं सारखी दिसतात. एक ना धड, भाराभर चिंध्या. पण हे थकव्यामुळे. उमेद कायम.

वर्नाचा फोन. मी उचलला. ती म्हणाली, दाजी, ठरलं का? म्हटलं, अंतिम टप्प्यात आहे. ती म्हणाली, ताईला फोन दे. अर्धा तास दोघी बोलत होत्या, दार लावून.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी ७.००
काही लोक याला बर्फ म्हणतील.

व्याख्या महत्त्वाची असते. आमच्या खात्यात गवतावर एक इंच साचल्याशिवाय बर्फ पडला अशी नोंद व्हायची नाही. मी स्वतः पट्टी घेऊन बाहेर गेलो. तीन ठिकाणी मोजलं. कुठेच पाऊण इंचावर नाही. म्हणजे पहिला बर्फ अजून पडलेला नाही आणि माझा शब्द शाबूत आहे.

हे आर्लिसला समजावून सांगितलं. ती चुलीपाशी उभी होती, घरात हातमोजे घालून. म्हणाली, पांढरं आहे ना, ऑरिन? म्हटलं, रंगाचा प्रश्न नाही.

तिने हात पुढे केले. एक मोजा काढून दाखवला. मधली दोन बोटं पांढरी, पेरापर्यंत. मी तिचा हात माझ्या हातांत धरून चोळला. पूर्वी असं केलं की लगेच रंग यायचा. आज आला नाही. मग गॅरेजमध्ये जाऊन आणखी जोमाने कामाला लागलो. सगळे कॉलम पुसले. नव्याने सुरुवात.

९ नोव्हेंबर, रविवार
नऊ इंच. पट्टी काढली नाही.

सकाळी प्लाऊ आमच्या रस्त्यावरून सात चाळीसला गेला. माझ्या वेळी सव्वासातला जायचा. वळणावर पातं फार लवकर उचलतात हल्लीचे ड्रायव्हर. फोन करून कळवलं. पलीकडचा मुलगा म्हणाला, मिस्टर ट्वेट, तुम्ही राज्य सोडून गेलात असं ऐकलं होतं. फोन ठेवला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
नाश्त्याला आर्लिस म्हणाली, एकोणतीस तारखेचं विमान आहे. मी दोन तिकिटं काढली आहेत. ॲरिझोना. एकदाच विचारते. येतोस का?

मी शांतपणे माझी बाजू मांडली. पाच तारखेला घराचा ताबा द्यायचाय, सामान बांधायचंय, घड्याळांचा मुद्दा आहेच, आणि तक्ता पूर्ण नसताना एका राज्यात जाणं म्हणजे बाकीच्यांवर अन्याय. तू पुढे जा, दोन आठवडे वर्नाकडे राहा, नीट निरीक्षण कर, ॲरिझोनाची ओळ तू भर. मी पाठोपाठ येतोच. तासभर बोललो. सुंदर बोललो.

ती म्हणाली, बरं.

आमच्या मिनेसोटात 'बरं' म्हणजे बरं.

२९ नोव्हेंबर, शनिवार
आर्लिसला विमानतळावर सोडलं. तीन बॅगा घेतल्या. दोन आठवड्यांना तीन बॅगा. बायका.

आत जाण्यापूर्वी तिने माझी मफलर नीट केली. त्यासाठी हातमोजे काढले. बाहेर उणे चौदा. म्हटलं, मोजे घाल. म्हणाली, घालते, थांब. तिचे डोळे भरून आले होते. वाऱ्याने येतात. मी म्हटलं, निरीक्षणं रोजच्या रोज लिहून ठेव, नंतर विसरायला होतं.

परतताना रस्ता नीट साफ केलेला होता. हे कबूल करायला हवं.

५ डिसेंबर, शुक्रवार
कोल्टनला किल्ल्या दिल्या. तक्ता भिंतीवरून निघेना, चिकटवताना मी गोंद कमी वापरत नाही. कोल्टन म्हणाला, राहू द्या, वरून रंग मारू. फोटो काढून घेतला.

सामान वखारीत टाकलं. मी हायवेवरच्या मोटेलमध्ये. तात्पुरता. उलट बरंच झालं, चित्त एकाग्र होईल. खिडकीतून समोर काउंटीचं प्लाऊचं आवार दिसतं. पाचला दिवे लागतात, साडेपाचला पहिला ट्रक. वेळा लिहून ठेवतो.

७ डिसेंबर, रविवार
आर्लिसचा फोन. तिथल्या एका चर्चमध्ये आज ऑर्गन वाजवला म्हणाली. त्यांना माणूस हवाच होता. सगळी भजनं, दोन्ही हातांनी, न थांबता. तिचा आवाज खूप दिवसांनी असा ऐकला. विचारलं, हवेचे आकडे लिहितेस ना? ती म्हणाली, ऑरिन, आकडे नाहीत, ऊन आहे.

कधी येतोस, असं तिने विचारलं नाही. मी उत्तर तयार ठेवलं होतं.

ही वही कुणी वाचणार नाही, म्हणून लिहितो. मला भीती वाटते. तिकडे गेलो की मी कोण? इथे बर्फ पडला की मला कळतं आता काय करायचं. तिकडे सकाळी उठून खिडकीबाहेर बघणार आणि करण्यासारखं काहीच नसणार. लख्ख ऊन, मोकळे रस्ते आणि मी. हे तिला सांगता आलं नाही. तक्त्यात यासाठी कॉलम नव्हता.

उद्यापासून पुन्हा कामाला लागायचं. जॉर्जिया नीट पाहिलंच नाही.

१५ डिसेंबर, सोमवार. दुपारी १२.२०
सकाळी पोस्टात गेलो. टपाल अजून कोल्टनच्या घरी जातंय. पत्ताबदलाचा फॉर्म भरायचा होता. ड्वेन एकटाच काउंटरवर. मला वाटलं, आता काहीतरी टोमणा मारणार. नाही मारला. गुपचूप फॉर्म पुढे केला.

वरच पहिला प्रश्न. पत्ता कुणाचा बदलायचा, एकाच व्यक्तीचा की अख्ख्या कुटुंबाचा. समोर चौकोन, त्यात खूण करायची. मी म्हटलं, ड्वेन, आर्लिसने जाण्यापूर्वी हा फॉर्म भरला असेल ना? ती अशा बाबतीत पक्की आहे. तिने कुटुंबावर खूण केली असली तर मी त्यातच आलो. पुन्हा भरायचं कारण नाही.

ड्वेनने काउंटर पुसला. स्वच्छच होता. मग म्हणाला, मला हे बोलायला नको, पण तू विचारतोयस आणि मला खोटं बोलता येत नाही. थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, विमानाच्या आदल्या दिवशी, आली होती ती. तू बाहेर गाडीत बसला होतास, इंजिन चालू ठेवून. तिची बोटं वळत नव्हती म्हणून फॉर्म मीच भरला, ती सांगत गेली. शेवटी म्हटलं, खूणही करू का? तर म्हणाली, नको ड्वेन, एवढी माझी मी करते. एकाच व्यक्तीवर केली.

मी म्हटलं, दोन आठवड्यांसाठी तसंच करतात. ड्वेन म्हणाला, ऑरिन, हा फॉर्म कायमचा पत्ता बदलायचा आहे. दोन आठवड्यांचा वेगळा असतो. तो मी तिला आधी दिला होता. तिने परत केला.

मागे एक बाई पार्सल घेऊन उभ्या होत्या. त्या भिंतीवरची तिकिटं बघायला लागल्या.

म्हटलं, पत्ता वर्नाचाच असेल ना, तो माझ्याकडे आहे. ड्वेन म्हणाला, वर्नाचा नाही. पुढचं मला सांगता येणार नाही, नोकरीचा प्रश्न आहे. तिलाच विचार. म्हटलं, विचारीन. रविवारी फोन येतो तिचा. काल आला नाही, पण चर्चमध्ये वेळ लागला असेल.

मग मी फॉर्म भरला. नाव, जुना पत्ता, नवा पत्ता. मोटेल, हायवे, खोली नंबर नऊ. राज्यासाठी दोन अक्षरांची जागा असते. पेन क्षणभर अडलं. एप्रिलपासून डिसेंबरपर्यंत मी या दोन अक्षरांवर काम करत होतो. मिनेसोटाची लिहिली. भरायला काहीच वेळ लागला नाही.

फॉर्म सरकवला. ड्वेनने वरपासून खालपर्यंत वाचला, शिक्का हातात घेतला आणि पुन्हा खाली ठेवला. मऊ आवाजात म्हणाला, वरची खूण राहिली आहे, ऑरिन.

मी पेन परत घेतलं आणि एका व्यक्तीच्या चौकोनात खूण केली.